लग्नाच्या दिवशीच हॉलच्या एसीचा कॉम्प्रेसर ओव्हरलोडला ट्रिप, एरवी व्यवस्थित. मेकॅनिक म्हणतो कॉम्प्रेसर गेला, बदला. खरंच गेलाय काय?

हॉलवाला_वडगाव
नमस्कार मंडळी. आमचा वडगावात पहिल्या मजल्यावर मंगल कार्यालयाचा हॉल आहे, त्याला ११ टनाचं डक्टेबल एसी युनिट आहे, आत साडेपाच साडेपाचचे दोन स्क्रोल कॉम्प्रेसर, गॅस आर-२२, नऊ वर्षं झाली. गेल्या तीन लग्नांत तोच प्रकार होऊलालंय, संध्याकाळी रिसेप्शनला हॉल भरला की वीस-पंचवीस मिनिटांत दोन नंबरचा कॉम्प्रेसर बंद, पॅनेलमधला ओव्हरलोड (करंट जास्त झाला की कॉम्प्रेसर तोडणारा रिले) पडलेला. रीसेट केला की दहा मिनिटं चालतो, परत पडतो. परवा तर नवरदेव फेटा काढून त्यानंच वारा घेत बसला, पाहुण्यांची बोलणी मी खाल्ली. सकाळी रिकाम्या हॉलात लावून बघितलं तर दोन तास आरामात चालतंय. आमच्या मेकॅनिकनं आधी ओव्हरलोडचा काटा १२ अँपिअरवरनं १६ वर नेला, त्यानंतर ओव्हरलोड पडायचा बंद झाला पण कॉम्प्रेसर आपोआप बंद पडायला लागला आणि तासभर चालूच होईना, मग त्यानं मीटर लावून सांगितलं की वाइंडिंग ओपन आहे, म्हणजे तुटलंय, कॉम्प्रेसर बदला, खर्च पाऊण लाखाच्या वर. १८ तारखेला पुढचं लग्न. पैसे घालायची तयारी आहे पण घालून परत तेच झालं तर मालक मला घालवतील. काय करू?

कुंदाप्रेमी
१८ ला रिसेप्शनला मेनूत काय आहे ते आधी सांगा, मग सल्ला देतो 😄

गारवा२०१२
कॉम्प्रेसर बदलू नका, अजिबात. आधी एक सांगा, तुमच्या मेकॅनिकनं वाइंडिंग ओपन कधी बघितलं? कॉम्प्रेसर गरम असताना लगेच, की दुसऱ्या दिवशी थंड झाल्यावर? कारण थ्री फेज स्क्रोलच्या पोटात, वाइंडिंगच्या स्टार पॉइंटला, एक स्वतःचा ओव्हरलोड असतो. मोटर तापली की तो उघडतो, आणि तो उघडला की तिन्ही टर्मिनलवर कुठल्याही दोघांत मीटर लावा, ओपनच दाखवणार. एक वाइंडिंग जळालं असतं तर एका जोडीत तरी काहीतरी वाचलं असतं. तिन्ही वाइंडिंग एकदम तुटलीत असं कधी होत नाही. म्हणजे तिन्ही ओपन दिसले की पहिला अर्थ हाच, आतला ओव्हरलोड उघडलाय, थांबा. तो गार होऊन परत जुळायला तासभर लागतो, कधी दोन-तीन तास पण लागतात, एवढा लोखंडाचा गोळा असतोय तो.

आणि काटा १६ वर नेला म्हणता, तिथंच सगळं बिघडलं. बाहेरचा ओव्हरलोड वेळेत सांगत होता, त्याचं तोंड बंद केलं, मग आतला बोलायला लागला. आतला म्हणजे शेवटचा चौकीदार हो, त्याच्यामागं कोणी नाही.

हॉलवाला_वडगाव
गरम असतानाच बघितलं होतं, रात्री साडेनऊला. सकाळी परत चालू झाला तेव्हा मलाच वाटलं जळालेला कॉम्प्रेसर चालतो कसा. मेकॅनिकला विचारलं तर म्हणाला आता चालेल, परत जाईल.

टंगटेस्टर
उद्या सकाळी मेन बंद करून, मेन बंदच आहे याची खात्री करून, कॉम्प्रेसरच्या आर, वाय, बी या तीन फेजच्या वायर काढून आर-वाय, वाय-बी, बी-आर ओहम घ्या, तिन्ही जवळजवळ सारखे यायला पाहिजेत. मग ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) बॉडीशी. आकडे इथं टाका. प्लेटवर आरएलए (पूर्ण लोडचे अँपिअर), एलआरए (मोटर अडकल्यावरचे अँपिअर) काय लिहिलंय ते पण टाका. आणि मेकॅनिकनं अँपिअर किती सांगितले?

एक राहिलं, कव्हर उघडं ठेवून सप्लाय देऊन टर्मिनलसमोर उभं राहू नका. टर्मिनल पिन प्रेशरनं उडालेली बघितलीय, गॅस आणि तेल पेटत बाहेर येतं. कव्हर लावूनच चालू करायचं.

निपाणीचा नाना
आम्ही निपाणीत वीस वर्षं हेच काम करतोय. एकच कॉम्प्रेसर ट्रिप होतोय आणि दुसरा त्याच सप्लायवर झकास चालतोय म्हणजे सप्लायचा संबंधच न्हाई. सर्किटचा दोष. कंडेन्सर (बाहेरचं गरम कॉइल) धुवा, फॅनचा कपॅसिटर बघा, हेड प्रेशर (डिस्चार्जचं) बघा. लई डोकं लावू नका.

गारवा२०१२
नाना बरोबर बोलताय, दोन सर्किटं शेजारी असणं म्हणजे फुकटची टेस्ट आहे. पण सप्लायचा संबंधच नाही हे मी एवढ्यात म्हणणार नाही. सप्लाय दोघांनाही त्रास देत असेल, आणि दोन नंबरला वर अजून काहीतरी असेल. दोघांना ताप, त्यातला एक आधीच अशक्त.

हॉलवाला_वडगाव
आकडे घेतले. थंड असताना ओहम २.३, २.३, २.४. मेगर ३ मेगाओहम आला, वायरमन म्हणाला कमी आहे. प्लेटवर आरएलए १२, एलआरए ७५. व्होल्टेज आर-वाय ४१४, वाय-बी ४११, बी-आर ४०९, म्हणजे सप्लाय चांगला आहे. मेकॅनिकनं अँपिअर १० सांगितले होते, म्हणजे आरएलएच्या आत. मग ट्रिप का होतंय काही कळेना.

टंगटेस्टर
ओहम झकास आहेत. वाइंडिंग गेलेलं नाही, पाऊण लाख वाचले, कुंदाप्रेमीला कुंदा पाठवा.

मेगरचं घाबरू नका. रात्रभर बंद असला की गॅस गारठून कॉम्प्रेसरच्या तेलात जाऊन बसतो, आणि स्क्रोलची मोटर त्या तेला-गॅसात भिजलेली असते, म्हणून वाचन कमी येतं. क्रँककेस हीटर, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा, चालू आहे का बघा (बऱ्याच ठिकाणी त्याची वायर कोणीतरी काढून ठेवलेली असते), चार-पाच तास तापू द्या, परत मेगर करा. चढला तर गॅसच होता. १ च्या खाली राहिला तर मग काळजी. आणि व्हॅक्यूम ओढलेला असताना मेगर कधीच मारायचा नाही, आत ठिणगी पडून चांगलं वाइंडिंग जातं.

आता अँपिअर १०. कुठल्या वायरवर? एकाच की तिन्हीवर? आणि व्होल्टेज तुम्ही सकाळी, रिकाम्या हॉलात, लोड नसताना घेतलंय. तुमचा आजार संध्याकाळी येतो, तपासणी सकाळी करताय.

कुंदाप्रेमी
आमच्या डॉक्टरांकडे पण असंच होतंय, तिथं गेलं की दुखायचं थांबतंय.

उद्यमबाग_मेंटेनन्स
संध्याकाळच्या मुद्द्यावर सांगतो. आमच्या शॉपमध्ये ऑफिस आणि मेट्रॉलॉजी रूमला पॅकेज युनिट आहे, शेजारी फौंड्री. उद्यमबागेत फौंड्री आणि हायड्रॉलिकवाल्यांशिवाय शेजारी मिळणारच कोण म्हणा. त्यांची इंडक्शन फर्नेस लागली की आमचं व्होल्टेज पडायचं, आणि वरनं एका फेजवर जास्त. दुपारी बारा ते दोन कॉम्प्रेसर चालायचा नाही, फक्त मधे एक वाजता लंचला फर्नेस हळू झाली की तेवढा वेळ चालायचा. तीन महिने गॅस, व्हॉल्व्ह, ड्रायर सगळं बदलत बसलो. शेवटी एका पोरानं दिवसभर वहीत दर अर्ध्या तासानं तिन्ही व्होल्टेज लिहून ठेवली, तेव्हा लक्षात आलं. मीटर रेकॉर्डिंगचा असेल तर भाड्यानं आणा, नसेल तर वही पण चालते.

गेस्टहाऊस_कॅम्प
विषय थोडा वेगळा पण ओव्हरलोडचाच, म्हणून इथंच विचारतो. आमची हॉट अँड कोल्ड युनिटं आहेत, उन्हाळ्यात काही त्रास नाही. डिसेंबरात पाहुणे हीटिंग लावतात आणि मग ट्रिप. बाहेरचं कॉइल दिवाळीनंतर धुतलंय, आरशासारखं आहे.

टंगटेस्टर
@गेस्टहाऊस_कॅम्प आतला फिल्टर बघा. हीटिंगला फोर वे व्हॉल्व्ह फिरला की आतलं कॉइल कंडेन्सर होतं आणि बाहेरचं इव्हॅपोरेटर. उन्हाळ्यात आतला फिल्टर चोक असला की फक्त थंडावा कमी आणि कॉइलवर बर्फ, हिवाळ्यात तोच फिल्टर चोक असला की हेड प्रेशर वर आणि अँपिअर वर. तुम्ही धुतलं बाहेरचं, आजार आत.

गेस्टहाऊस_कॅम्प
अरे देवा. रूमबॉयनी फिल्टर गणपतीनंतर काढलाच नाही म्हणतो. बघतो.

खानापूर रोड
सरळ व्हीआरएफ एसी बसवा हो, इन्व्हर्टर आहे, हे ओव्हरलोडबिव्हरलोड काही नाही.

गारवा२०१२
इन्व्हर्टरला पण ओव्हरकरंट येतो, फक्त तो डिस्प्लेवर कोड दाखवतो आणि त्याचा बोर्ड बदलायला लागला की समजतं किती सुखी होतो. त्यांना १८ ला लग्न आहे, व्हीआरएफ नव्हे.

हॉलवाला_वडगाव
मेकॅनिकला फोन केला. एकाच वायरवर टंग टेस्टर (वायरभोवती लावायचा अँपिअर मीटर) लावला होता, बी फेजवर. म्हणाला तिन्ही सारखेच असतात. आमच्याकडे मधल्या आठवड्यात साखरपुडा आहे, दीडशे माणूस, लाइटिंग फुल्ल आहे. त्या रात्री मी स्वतः वायरमनला घेऊन बसतो. काय काय मोजू ते सांगा.

टंगटेस्टर
कॉन्टॅक्टरच्या (कॉम्प्रेसर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) खालच्या बाजूला, म्हणजे कॉम्प्रेसरकडं जाणाऱ्या वायरवर, दोन्ही कॉम्प्रेसर चालू असताना तिन्ही व्होल्टेज, आणि तिन्ही वायरवर अँपिअर. एक नंबर आणि दोन नंबर दोन्हीचे. दर दहा मिनिटांनी. मग गेज लावून सक्शन आणि डिस्चार्ज दोन्ही सर्किटचे. कंडेन्सरमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान, म्हणजे कॉइलच्या मागच्या बाजूला, आणि गच्चीवर सावलीत उघड्यावरचं तापमान. शेवटचं लोक करतच नाहीत आणि तिथंच सापडतं.

ओव्हरलोडचा काटा परत १२ वर आणून ठेवा, त्या रात्री ट्रिप झाला तर होऊ द्या, साखरपुडाच आहे.

हॉलवाला_वडगाव
साखरपुडा म्हणून ट्रिप होऊ द्या! सासू तुमची असती म्हणजे कळलं असतं. बरं, करतो.

चिकोडी डेअरी
मंडळी मी पण रांगेत आहे. चिकोडी भागातल्या गावात दूध संकलन केंद्र आहे, २००० लिटरचा बल्क कूलर. दूध ४ अंशावर आणायला पूर्वी तीन तास लागायचे, आता पाच तास लागूलालेत आणि मधेच कॉम्प्रेसर आपोआप बंद, अर्ध्या-पाऊण तासानं परत चालू. पॅनेलमधला ओव्हरलोड पडत नाही. तिन्ही वायरवर अँपिअर बघितले, ८, ८ आणि ८.२, प्लेटवर १२.५ आहे. अँपिअर कमी आणि तरी ओव्हरलोड, हे कसलं?

गारवा२०१२
@चिकोडी डेअरी हे तुम्ही लई छान विचारलं, कारण इथंच नव्वद टक्के लोक फसतात. आतला ओव्हरलोड अँपिअर मोजत नाही तेवढं, तो तापमान बघतो. हर्मेटिक मोटर कशानं गार राहते? परत येणाऱ्या थंड सक्शन गॅसनं. गॅस कमी झाला की मोटरवर काम कमी, म्हणून अँपिअर पण कमी, पण मोटर गार करायला गॅसच नाही. मोटर हळूहळू तापते, आतला उघडतो. अँपिअर कमी, कूलिंग कमी, कॉम्प्रेसरची टोपी हात लागत नाही एवढी गरम, सक्शन पाइप कोमट, हे सगळं एकत्र असलं म्हणजे गॅस लीक शोधा. कॉम्प्रेसरपाशी सक्शन पाइपचं तापमान घ्या, गेजवरनं सक्शनचं सॅच्युरेशन, म्हणजे त्या प्रेशरला गॅस ज्या तापमानाला उकळतो ते, काढा, फरक दहा-अकरा अंशांच्या आसपास पाहिजे, तुमचा पंचवीस-तीस निघेल असं वाटतंय.

नुसता गॅस टॉप मारून जाणारा मेकॅनिक आला तर चहा देऊन परत पाठवा. लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे फाटक्या खिशात पैसे ठेवणं.

शिनोळीकर
@चिकोडी डेअरी, गावातला सप्लाय पण बघा. मी सकाळी शिनोळीत असतो आणि दुपारी बेळगावात, सीमेच्या दोन्ही बाजूंच्या दोन वीज कंपन्यांचा अनुभव घेतोय, भाषा बदलते, व्होल्टेज तसंच राहतं. गावात थ्री फेज ठरावीक तासच येतो, बाकीच्या वेळी शेतकरी कपॅसिटर लावून दोन फेजवर पंप ओढतात, त्याच टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) तुमचा कूलर असला तर तिन्ही फेज कधीच सारखे मिळत नाहीत. तुमचे अँपिअर तिन्ही सारखे आहेत म्हणून यावेळी ते नसेल, पण एसपीपी रिले (एखादा फेज गेला की मोटर तोडणारा) बसवलेला आहे का, आणि बसवलेला असला तर कोणी वायरचा तुकडा घालून बायपास तर केला नाही ना, हे स्वतः झाकण उघडून बघा. गेल्या वर्षी मला एका पॅनेलमध्ये रिलेचा दिवा जळत होता, पण कॉन्टॅक्टला लूप मारलेला. टीसी बदलला, लाइनमननं दोन फेज उलटे जोडले, स्क्रोल उलटा फिरला, खडखड आवाज, प्रेशर काही नाही, अँपिअर कमी, पाच मिनिटांत आतला ओव्हरलोड ट्रिप. मालक म्हणतोय नवा कॉम्प्रेसर फॉल्टी आहे. दोन वायर अदलाबदल केल्या, झालं.

चिकोडी डेअरी
रिले आहे, बायपास नाही, आत्ताच झाकण काढून बघितलं. फक्त आत एक पाल होती, मेलेली, कधीची कोण जाणे.

निपाणीचा नाना
पाल कॉन्टॅक्टरमध्ये सापडली न्हाई ना, मग नशीब तुमचं. कॉन्टॅक्टरात पाल गेली की एक फेज लागतच न्हाई.

हॉलवाला_वडगाव
साखरपुडा झाला. ट्रिप पण झाला, सव्वाआठला, वरमाई पंख्याखाली उठून गेल्या. आता आकडे, वायरमननं वहीत लिहिलेले जसेच्या तसे.

आठ वाजता, कॉन्टॅक्टरच्या खाली: आर-वाय ४०९, वाय-बी ३८९, बी-आर ३८७.
दोन नंबर कॉम्प्रेसर: आर १४.६, वाय १२.४, बी १०.२. एक नंबर: आर १३.७, वाय ११.६, बी ९.६.
प्रेशर (पीएसआय) दोन नंबर: सक्शन ७२, डिस्चार्ज ३३५. एक नंबर: सक्शन ७०, डिस्चार्ज २९०.
गच्चीवर हवा ३६ अंश. एक नंबरच्या कॉइलमागं ३९. दोन नंबरच्या कॉइलमागं ४७!!

४७ का ते मला लगेच कळलं. केटररनं गेल्या वर्षी गच्चीवर स्वयंपाकाला पत्र्याची शेड केली, तिचा पत्रा दोन नंबरच्या कंडेन्सरच्या डोक्यावरच आलाय. गरम हवा वर जाऊन पत्र्याला आपटून परत आत. वरनं भट्ट्यांची धग.

टंगटेस्टर
भावा तुम्ही अर्ध्या मेकॅनिकांपेक्षा चांगलं काम केलंत.

हिशोब बघा. तिन्ही व्होल्टेजची सरासरी ३९५. त्यापासून सगळ्यात लांब आर-वाय, १४ नं. १४ भागिले ३९५, म्हणजे साडेतीन टक्के असमतोल. बहुतेक कॉम्प्रेसरवाले २ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. साडेतीन टक्के म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण व्होल्टेजमधला असमतोल करंटमध्ये सहा ते दहापट होऊन दिसतो, आणि मोटरचं तापणं असमतोलाच्या वर्गाच्या दुपटीनं वाढतं असा एक ठोकताळा आहे, साडेतीनचा वर्ग सव्वाबारा, दुप्पट साधारण २५ टक्के जास्त ताप. नुसत्या असमतोलानं.

आणि गंमत बघा. बी फेजचं व्होल्टेज पडलेलं, आणि बी वरच अँपिअर सगळ्यात कमी. जास्त कुठं, तर आर वर. मेकॅनिकनं नेमका बी वर टंग टेस्टर लावला, १० वाचलं, खूश झाला. चार इंच शेजारच्या वायरवर साडेचौदा वाहत होते. म्हणून मी म्हणतोय तिन्ही, तिन्ही, तिन्ही.

गारवा२०१२
आणि नानांचं पण खरं निघालं, डिस्चार्ज ३३५ म्हणजे आर-२२ चं कंडेन्सिंग ६० अंशाला गेलं, शेजारी २९० म्हणजे ५३. ४७ ची हवा आत घेऊन ६० च होणार, कॉइलचा काही दोष नाही. असमतोल दोघांनाही, पत्रा एकाला. म्हणून पडला फक्त दोन नंबर.

आता बी फेज का पडतो ते शोधायचं. लाइटिंगवाल्याला विचारा कुठून जोडतो.

निपाणीचा नाना
सप्लायचा संबंधच न्हाई म्हणालो होतो, मागं घेतो 🙏 पण पत्रा माझा.

हॉलवाला_वडगाव
लाइटिंगवाला म्हणतो "तुमच्या पॅनेलला एकच रिकामा एमसीबी होता, त्याच्यावरच सगळं". सगळी झुंबरं, स्टेजचे पार लाइट, बाहेरची कमान, सगळं बी फेजवर. साखरपुड्याला साठ अँपिअरच्या वर. वीज कंपनीच्या लाइनमनला पण बोलावलं, तीन दिवस "नाळे बर्तीन्री" चाललंय, म्हणजे उद्या येतो. उद्या अजून उगवायचा आहे.

टंगटेस्टर
साठ अँपिअर एका फेजवर, तेवढ्यानं पडणारच. पण कॉन्टॅक्टरपर्यंतच्या वाटेवर पण बघा काही जळतंय का. त्याच लोडवर मीटर एसी व्होल्टवर ठेवून एकाच फेजच्या दोन टोकांना लावायचं: चेंजओव्हरच्या (लाइन-जनरेटर बदलायच्या स्विचच्या) बी च्या वर आणि बी च्या खाली. मग मेन स्विच, मग कॉन्टॅक्टर. चांगल्या कॉन्टॅक्टवर जवळजवळ शून्य दाखवतं. दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर तिथं उष्णता जळतेय असं समजा. वायरमनच करेल हे, तुम्ही हात घालू नका, लाइव्ह काम आहे.

हॉलवाला_वडगाव
लाइटिंग लावून सगळी झुंबरं पेटवली, रिकाम्या हॉलात, शेजारचे विचारत होते कुणाचं लग्न. कॉन्टॅक्टर ठीक, ०.१ वगैरे. मेन ठीक. जनरेटरच्या चेंजओव्हरवर आर ०.२, वाय ०.२, बी ७!

मेन काढून उघडलं. बी चं पातं काळंनिळं, जबड्याचा स्प्रिंग ढिला, ॲल्युमिनियमचा लग पितळेवर पांढरा पडलेला, वायरचं इन्सुलेशन चार बोटं वितळून कडक झालेलं, हात लावला की तुकडे पडले. वास आठवडाभर येत होता म्हणे, वॉचमन म्हणाला मला वाटलं केटररचा कांदा जळतोय.

गारवा२०१२
७ व्होल्ट गुणिले ६०-७० अँपिअर, म्हणजे साडेचारशे वॉटची शेगडी चेंजओव्हरमध्ये पेटलेली होती तुमच्या. कॉम्प्रेसरच्या ट्रिपनं हॉल वाचवला म्हणा.

नवा चेंजओव्हर टाका, बायमेटॅलिक (ॲल्युमिनियम-तांब्याचे) लग वापरा, लाइटिंगचं लोड तिन्ही फेजवर वाटा, पत्रे काढा. काटा १२ वरच.

खानापूर रोड
म्हणजे व्हीआरएफ नको म्हणता?

हॉलवाला_वडगाव
१८ झाली. पाचशे पानं उठली. नवा चेंजओव्हर, डेकोरेशनला तीन फेजचं वेगळं डीबी (वाटपाचं बोर्ड), कंडेन्सरवरचे दोन पत्रे काढले (केटरर रुसलाय, वळीव आला तर भाजी भिजेल म्हणतो, ताडपत्री देतो म्हटलं), दोन्ही कॉइल धुतली, हीटरची वायर खरंच काढलेली होती ती जोडली, मेगर २५ च्या वर गेला. रात्री नऊला व्होल्टेज ४०६, ४०३, ४०१. दोन नंबर ११.२, ११.०, १०.७. डिस्चार्ज २८०. एकदाही पडला नाही. नवरदेव शेवटपर्यंत फेट्यात होता. तुम्ही सगळ्यांनी, आणि नानांनी पण, पाऊण लाख वाचवले. मालकांना अजून सांगितलं नाही की फॉल्ट बारा-पंधराशेच्या पात्याचा होता, आधी बजेट मंजूर करून घेतो गच्चीवरच्या वायरिंगचं. जळालेलं पातं माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलंय, पुढचा लाइटिंगवाला आला की आधी ते हातात देणार.

कुंदाप्रेमी
कुंदा राहिला.

गेस्टहाऊस_कॅम्प
फिल्टर काढला. फिल्टर नव्हे, गालिचा निघाला. हिवाळ्यात कळवतो.

चिकोडी डेअरी
माझं पण सांगतो. सक्शन पाइप कॉम्प्रेसरपाशी २६ अंश, गेजवरनं उणे ३, म्हणजे फरक २९. गारवासाहेब तुमची जीभ काळी आहे. कूलरच्या मागं एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या फ्लेअर नटखाली तेलाचा डाग होता, साबणाचं पाणी लावलं, बुडबुडे हळूहळू, मिनिटाला चार-पाच, एवढ्याशा लीकनं सहा महिने छळलं. फ्लेअरला चीर होती, कापून नवा मारला, नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला, काटा हलला नाही, मग व्हॅक्यूम, मग वजनावर गॅस. काल संध्याकाळचं दूध दोन तास पन्नास मिनिटांत ४ वर आलं. अँपिअर आता ११ दाखवतंय, मदतनीस पोरगा घाबरून पळत आला, साहेब अँपिअर वाढलं!

गारवा२०१२
त्याला सांगा आता बरोबर आहे ते.